बाप लांडग्यानं खाल्ला

(पुंडलिकनगरातली पुढची खोली. जानेवारी १९९४, संक्रांतीनंतरचा रविवार, दुपार. खिडकी रस्त्यावर उघडते. बाजेवर अप्पाराव बसलेत. हातात चुरगाळलेला कागद.)

अप्पाराव : म्हणजे तुमचे मालक हयात आहेत?

मंजुळाबाई : अवं पाव्हणे, सणासुदीचं हे काय वंगाळ बोलणं? सकाळच्या बसनं ड्युटीवर गेले की ते. वाळूजला, कंपनीच्या गेटावर उभे असतीन आता.

अप्पाराव : जाताना तुम्ही स्वतः पाहिलं?

मंजुळाबाई : डबा दिला मी त्यायच्या हातात. मेथीची भाजी आन् दोन भाकरी. झालं काय पण?

अप्पाराव : मग इथं असं का लिहिलंय? ऐका. "बाप – लांडग्यानं खाल्ला."

मंजुळाबाई : अगं बया!

अप्पाराव : अक्षर तुमच्या त्रिंबकरावांचं आहे, आमच्या जावयांचं. साखरपुड्याच्या यादीवर मी हे अक्षर पाहिलेलं आहे. वीस वर्षं ग्रामसेवकी केली, ईहीनबाई. अक्षर ओळखण्यात माझी चूक होत नसते.

मंजुळाबाई : कागद कुठं घावला तुम्हाला?

अप्पाराव : तुम्हीच धाडला. आमच्या चतुराला तिळगुळाची पुडी पाठवली ना? ती ह्याच कागदात बांधली होती. पुडी सोडली अन् आमच्या घरात रडारड. चतुराच्या आईनं तर डोक्यावरनं अंघोळ केली, सुतक धरायचं का नाही म्हणून. चतुरा तेवढी हसत होती. त्याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

मंजुळाबाई : कागदाचं काय घेऊन बसलात? शेल्फावर वही पडलेली, वळकटीखाली. अर्धी लिवलेली, अर्धी कोरी. मला काय वाचता येतंय? फाडला एक आन् बांधली पुडी. तिळगूळ चांगला होता का नाय?

अप्पाराव : चांगला होता. जरा चिवट होता. पण मुद्दा तो नाही. पुढं ऐका. "नाव – काळू घोंगडीवाला. जीव – सात. मेला – तीन वेळा."

मंजुळाबाई : कोण मेला तीन वेळा?

अप्पाराव : तुमचा मुलगा.

मंजुळाबाई : त्याला साधा हिवताप झाला न्हाय कधी!

अप्पाराव : "हत्यार – काठी, गोफण. आई – चेटकीण."

मंजुळाबाई : कोण?

अप्पाराव : आई. चेटकीण.

मंजुळाबाई : त्रिंबक! ए त्रिंबक! भायेर ये आधी! नऊ महिने पोटात वागवलं, सहा वर्षं अंगावर पाजलं, आन् ह्यो मला चेटकीण लिवतोय!

त्रिंबक : काय झालं गं? अरे, मामा! राम राम. कधी आलात?

अप्पाराव : नमस्कार नंतर. हा कागद तुमचा?

त्रिंबक : काळू! अरे यार, चार दिवस झाले हुडकतोय! आई, तू फाडलास का हा? पोरं म्हणली, कागद हरवला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू कर. दोन वर्षांची मेहनत गं माझी.

मंजुळाबाई : आधी चेटकिणीचं सांग.

त्रिंबक : तू नाही गं ती. ती काळूची आई. चांगली चेटकीण आहे, लोकांची गुरं बरी करती. पुढं लिहिलंय ना ते. मामा, वाचा की पुढचं.

अप्पाराव : पुढं पाक लागलाय. वाचता येत नाही.

त्रिंबक : मामा, हा खेळ आहे. आम्ही पोरं खेळतो. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं, कागदावर त्याचं नाव-गाव लिहायचं. मग एक जण गोष्ट सांगतो अन् आपण आपापल्या सोंगाचं बोलायचं. बस, इतकंच.

अप्पाराव : इतकंच? त्रिंबकराव, मला सगळं ठाऊक आहे. मी पाहिलंय.

त्रिंबक : कुठं?

अप्पाराव : टीव्हीवर. उस्मानपुऱ्यात माझा पुतण्या कडुबा राहतो, त्यानं केबल घेतलीय. मागच्या बुधवारी त्याच्याकडं इंग्रजी मालिका लागली होती. हाच खेळ. कडुबानं मला ओळ न् ओळ समजावून सांगितली. त्याचं बीकॉमला इंग्रजी होतं.

त्रिंबक : ती? तळघरवाली? आम्ही सगळ्यांनी बघितली ती, सलीमच्या घरी! हसून हसून पोट दुखलं.

अप्पाराव : हसला? एक कोवळं पोरगं वेडं झालं आणि तुम्ही हसला?

मंजुळाबाई : कोण येडं झालं? नीट सांगा बरं, पाव्हणे.

अप्पाराव : सांगतो. चार-पाच पोरं. चांगल्या घरची. एका तळघरात जमतात. अंधार. मधोमध मेणबत्त्या. एक जण काळा झगा घालून बसलेला, डोक्यावर टोपडं, तोंड दिसत नाही. समोर माणसाची कवटी. तो खोल आवाजात काहीतरी म्हणतो, की बाकीची पोरं थरथरतात. मग एक पोरगं म्हणायला लागतं, मी पक्षी आहे. अन् जातं गच्चीवर.

मंजुळाबाई : अरे देवा! मग?

अप्पाराव : मग जाहिरात. साबणाची.

मंजुळाबाई : आन् जाहिरातीनंतर?

अप्पाराव : त्याची आई रडते. पोलीस येतात. कोर्ट. शेवटी जज्ज म्हणतो की असल्या खेळावर बंदी आणा. कडुबा म्हणाला, काका, जज्ज म्हणतोय म्हणजे खरं असणार.

त्रिंबक : मामा, एक विचारू? त्यांच्या घरात लाइट होती का?

अप्पाराव : म्हणजे?

त्रिंबक : इतका मोठा बंगला, फ्रिज होता, दारात दोन गाड्या होत्या. अन् पोरं मेणबत्तीवर का बसली? कागदावर जीव किती उरले ते वाचायचं असतं आम्हाला. बेरीज-वजाबाकी असती. अंधारात ती होती व्हय?

मंजुळाबाई : आपल्याकडं लाइट जाती तवा आपुन बी तसंच बसतोत. कुणी बघितलं तं म्हणंल, जादूटोणा चाललाय.

त्रिंबक : अन् झगा! मामा, झगा घालून कोण खेळंल? आम्ही बसमध्ये खेळतो. शिफ्टच्या बसमध्ये, उस्मानपुऱ्यावरनं वाळूजपर्यंत. मांडीवर डबा, डब्यावर वही. मागच्या सीटवर रामकिसन तात्या घोरतात. कुणी टोपडं घातलं तर ड्रायव्हर खाली उतरवंल.

मंजुळाबाई : आन् मला एक सांगा, पाव्हणे. खेळ हाय म्हणता. त्या टीव्हीतल्या पोरांत एक बी पोरगं हसत होतं का?

अप्पाराव : हसत? नाही. कोणी हसलं नाही.

मंजुळाबाई : मग त्यो खेळ न्हाय. काम असंल त्यायचं कायतरी.

त्रिंबक : बरोबर बोलली बघ. मामा, खरी गंमत काय आहे, चार माणसं बसून बोलतात, खातात, भांडतात. बाहेरनं बघणाऱ्याला काय दिसणार? काहीच नाही. टीव्हीवाल्याला काहीतरी दाखवायला पाहिजे ना? मग तो मेणबत्ती लावतो. कवटी ठेवतो. आपल्या शहराचं बी तेच करतेत की. पुण्याची मावशी बातम्या बघून शेजाऱ्यांच्या फोनवर फोन करती, काय रे, जिवंत आहात का? सगळीकडं जाळपोळ दाखवतेत म्हणे. अन् त्याच टायमाला मी इथं रांगेत उभा असतो रॉकेलला. जाळपोळ झाली, नाही झाली असं नाही. पण लोक ड्युटीला बी गेले, तेवढं दाखवत नाहीत.

अप्पाराव : विषयांतर नको. तूर्तास खेळाचं बोलतोय आपण. टीव्हीत तो टोपडंवाला मुख्य होता. सगळ्यांना तोच नादी लावतो. तुमच्यात तो कोण?

त्रिंबक : सांडू. कंपनीत तपासणीला असतो, माल पास-फेल करतो. दोन वर्षांपूर्वी मशीन बसवायला एक जर्मन साहेब आला होता. पार्ट यायला तीन आठवडे लागले. बसून बसून काय करणार? त्यानं आम्हाला हा खेळ शिकवला. तो गेला, अन् सांडूनं सगळे नियम मराठीत लिहून काढले. दोनशे पानं, मामा. इंग्रजी पक्कं त्याचं.

अप्पाराव : सांडू कोण?

त्रिंबक : सांगितलं ना. तपासणीला.

अप्पाराव : तसं नव्हे. आडनाव काय?

मंजुळाबाई : च्या ठिवू का, पाव्हणे?

अप्पाराव : नको. आडनाव विचारलं मी.

त्रिंबक : आडनावाला काय करायचंय, मामा? खेळात नसतं आडनाव.

अप्पाराव : राहतो कुठं?

त्रिंबक : भीमनगरला.

अप्पाराव : हं.

मंजुळाबाई : साखर कमी टाकू का जास्त?

अप्पाराव : चहा नको म्हणालो. ते असो. त्रिंबकराव, मी आज एक फैसला करायला आलो आहे. मुलगी द्यायची की साखरपुडा मोडायचा. सबब मला तहकीकात करणं भाग आहे. तो खेळ माझ्यासमोर खेळून दाखवा. आत्ता. जरा जरी आक्षेपार्ह वाटलं, तर मी उठलो.

त्रिंबक : दाखवतो की. पण खेळायला माणसं लागतात. तुम्ही अन् आई खेळा. मी गोष्ट सांगतो.

अप्पाराव : मी? मी तपासणी अधिकारी आहे.

त्रिंबक : मग नाही दाखवता येत. बघायचा खेळच नाही हा.

मंजुळाबाई : बसा वो, पाव्हणे. मी बी बसते. काय व्हायचं त्ये होऊ दे. माझं तं सोंग लिवलेलंच हाय. चेटकीण.

त्रिंबक : शाब्बास. मामा, तुम्ही कोण होणार?

अप्पाराव : मी अप्पाराव.

त्रिंबक : दुसरं कुणीतरी व्हा.

अप्पाराव : दुसरा का म्हणून? माझ्यात काय कमी आहे?

मंजुळाबाई : घ्या आता!

त्रिंबक : नियम आहे, मामा.

अप्पाराव : बरं. राजा.

त्रिंबक : पहिल्या दिवशी राजा होता येत नाही.

अप्पाराव : मग कलेक्टर.

त्रिंबक : तिथं कलेक्टर नसतात.

अप्पाराव : मग कारभार कोण बघतं? हा गंभीर दोष आहे तुमच्या खेळात. बरं, सरदार लिहा. घोडा पाहिजे. पांढरा.

त्रिंबक : घ्या, दिला. आता फाशाचं ऐका. जर्मनचा फासा बसच्या फळीखाली गेला, तो गेलाच. तवापासून आम्ही समोरनं येणाऱ्या गाडीचा नंबर धरतो. शेवटचा आकडा. पाचाच्या वर आला तर काम झालं. पाच किंवा खाली, तर फजिती. ही खिडकी आहे, हा रस्ता. जी गाडी येईल तिचा आकडा तुमचं नशीब.

अप्पाराव : त्यात लबाडी नाही करता येत?

त्रिंबक : आरटीओला विचारा. चला. उन्हाळा आहे. तुम्ही दोघं माळावरनं चाललात. मागं बैलगाडी, तिच्यात सामान. समोर एक जुनी बारव लागली. खोल, पायऱ्यांची. खाली पाणी चमकतंय.

मंजुळाबाई : मी थांबते सावलीला. माझे गुडघे दुखतेत.

त्रिंबक : चेटकिणीचे गुडघे नाही दुखत गं.

मंजुळाबाई : ह्या चेटकिणीचे दुखतेत.

अप्पाराव : घोड्याला पाणी पाजलं पाहिजे. उन्हाळा आहे म्हणालात. मी घोडा पायऱ्यांवरनं खाली नेतो.

त्रिंबक : पायऱ्या शेवाळलेल्या आहेत हां. बघा, गाडीचा नंबर लागंल.

अप्पाराव : येऊ द्या गाडी.

मंजुळाबाई : ती बघा, सायकल आली.

त्रिंबक : सायकलला नंबर नसतो.

मंजुळाबाई : आन् ती बैलगाडी?

त्रिंबक : तिला बी नाही. रविवार आहे ना. वर्दळ कमी.

अप्पाराव : किती वेळ उभा राहू घोडा धरून? कुठं गेली सगळी वाहनं? एरवी रस्ता ओलांडू देत नाहीत. आली! स्कूटर आली! आठ! आठ आहे!

त्रिंबक : तीन आहे, मामा.

अप्पाराव : आठ! माझा लांबचा चष्मा आहे.

मंजुळाबाई : चिखल उडालाय पाटीवर. बसचे नंबर बघून इंग्रजी आकडे तेवढे कळतेत मला, तीनच हाय. अर्धा आठ म्हणजे तीनच.

त्रिंबक : तीन. घोड्याचा पाय सटकला. त्यानं तुम्हाला उडवलं. धप्पकन पाण्यात.

अप्पाराव : अशक्य! माझा घोडा शिकवलेला आहे!

त्रिंबक : कधी शिकवला? आत्ताच तर दिला मी.

मंजुळाबाई : थांबा थांबा, मी मंतर टाकते! पाव्हण्यांना भायेर काढते. गाडी येऊ दे रं देवा. आली, टेंपो आला! कितीचा?

त्रिंबक : शून्य.

मंजुळाबाई : शून्य म्हणजे चांगलं का वंगाळ?

त्रिंबक : सगळ्यात वंगाळ. मंतर उलटला. तू कोंबडी झालीस.

अप्पाराव : हाहा! कोंबडी! ईहीनबाई, कोंबडी झालात तुम्ही! हाहाहा!

मंजुळाबाई : हसा. तुम्ही बुडताय खाली, आन् हसताय. पकपकपक.

त्रिंबक : मामा, खरंच बुडताय तुम्ही. अंगात चिलखत आहे. पाणी छातीला लागलं.

अप्पाराव : पोहून येतो मी. नदीकाठचा आहे.

त्रिंबक : नंबर. रिक्षा येतीय… एक. तलवारीचा पट्टा पायात अडकला. पाणी गळ्याला.

अप्पाराव : हे पक्षपाती आहे! ईहीनबाई, काहीतरी करा!

मंजुळाबाई : मी कोंबडी हाय. मला काय इचारता?

अप्पाराव : आणखी कोण आहे? माझे सैनिक? नोकर? सरदार एकटा फिरत नसतो.

त्रिंबक : एक माणूस आहे. बैलगाडीत झोपलाय. आमच्यात असा रिवाज आहे, ज्याची शिफ्ट दुसरी पडली, जो त्या दिवशी आला नाही, त्याचं सोंग गाडीत झोपून राहतं. म्हणजे त्याला मागं टाकून कुणी पुढं जात नाही. आज गाडीत एकच झोपलाय. त्याच्या उशाला दोर आहे.

अप्पाराव : मग उठवा त्याला!

त्रिंबक : मी नाही उठवू शकत. हाक तुम्हीच मारायची. नावानं.

अप्पाराव : नाव काय त्याचं?

त्रिंबक : सांडूचं सोंग आहे ते. नाव बी सांडूच ठेवलंय त्यानं.

अप्पाराव : दुसरं कोणी नाही?

त्रिंबक : नाही.

अप्पाराव : वाटसरू? गुराखी?

त्रिंबक : मोकळा माळ आहे, मामा. आता पाणी हनुवटीला लागलं. पुढची गाडी आली की संपलं. मग नंबर बी बघायची गरज नाही.

अप्पाराव : मग नको येऊ दे गाडी. रविवार आहे. वर्दळ कमी आहे.

मंजुळाबाई : आवाज येतोय.

अप्पाराव : कशाचा?

मंजुळाबाई : ट्रक वाटतोय. कोपऱ्याव हाय.

अप्पाराव : थांबव त्याला! हात दाखव! ए ट्रक!

त्रिंबक : नाही थांबत, मामा. वळला. आला बघा.

अप्पाराव : सांडू! ए सांडू! अरे ऊठ! दोर टाक रे बाबा, बुडालो मी! सांडू!

मंजुळाबाई : अगं माय…

त्रिंबक : उठला. डोळे चोळले नाहीत त्यानं. कोण ओरडतंय, कुठल्या गावचं, काही विचारलं नाही. पळत आला अन् दोर सोडला. तुम्ही धरला. वर आलात.

अप्पाराव : घोडा?

त्रिंबक : घोडा बी वर आला.

अप्पाराव : पाणी द्या जरा. प्यायला. घाम आला मला.

मंजुळाबाई : घ्या. हळू प्या, ठसका लागंल.

त्रिंबक : मामा, आता सांगा. ह्यात आक्षेपार्ह काय होतं?

अप्पाराव : काही नव्हतं. ऐक, त्रिंबक. बस इथं. ईहीनबाई, तुम्हीही बसा. मी खोटं बोलत नाही सहसा. टीव्ही हे निमित्त होतं.

मंजुळाबाई : ते मला आडनाव इचारलं तवाच कळलं.

अप्पाराव : मग चहा-चहा का करत होतात?

मंजुळाबाई : मग काय करू? तुम्ही मुलीचे बाप. माझा पोरगा फाटक्या तोंडाचा. तोडून टाकलं असतं त्यानं तिथंच.

अप्पाराव : परवा, ऐन संक्रांतीला, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. पंधरा-सोळा वर्षं चाललेलं प्रकरण. मला स्वतःला आनंदही नाही, दुःखही नाही. माझ्या पदवीच्या दाखल्यावर नाव जुनंच राहणार. पण आमच्या गावात पारावरनं तेव्हापासून माणसं उठलेली नाहीत. कोण कोणाकडं गेलं, कोणी कोणाच्या हातचं खाल्लं, ह्याचीच चर्चा. आणि तशात मला कळलं की आमचे जावई भीमनगरच्या पोराच्या डब्यात जेवतात आणि लग्नात तो पोरगा नवरदेवाशेजारी बसणार आहे.

त्रिंबक : बसणार आहे. मी सांगितलंय त्याला.

अप्पाराव : मधे बोलू नको. पंगत बसली अन् चार पानं उठली, तर? ताटावरनं उठून गेलेल्या माणसांचं मी काय करू? भीती वाटते मला. साठीला आलो, ग्रामसेवक होतो, चार गावांत भाषणं दिली समतेची. आणि खरं सांगायचं तर मी घाबरलेलो आहे. म्हणून मग म्हटलं, टीव्हीचं नाव पुढं करू.

त्रिंबक : मामा, तुम्ही मोठे आहात. पण सांडू नसंल तर लग्न नाही होणार. तुम्ही मोडायच्या आधी मीच मोडीन. मला वाईट वाटंल, लई वाईट वाटंल, चतुरा आवडती मला. पण तिला मी सगळं पत्रात लिहिलंय.

अप्पाराव : पत्रात? तुम्ही पत्रं लिहिता एकमेकांना?

त्रिंबक : लिहितो.

अप्पाराव : काय म्हणाली ती?

त्रिंबक : म्हणली, मला बी खेळात घ्या. तिचं सोंग बी ठरलंय. डाकू.

अप्पाराव : माझी चतुरा. डाकू. म्हणून हसत होती होय!

मंजुळाबाई : पाव्हणे, एक सांगू का? त्रिंबक, तू बी ऐक, तुला म्हाईत न्हाय हे. सांडू पहिल्यांदा आपल्या घरी आला, दोन वर्षं झाली, तवा मी त्याला कडेच्या कपात च्या दिला. कान तुटलेला, मोरीजवळ ठिवलेला. बाकीच्यायला चांगले कप. त्यो प्याला. मग गुपचूप मोरीत गेला, कप घासला, पालथा घातला, आन् मला म्हणला, मावशी, च्या लई छान होता.

त्रिंबक : आई…

मंजुळाबाई : बोलू नको. त्याला कळलं व्हतं. मला बी कळलं की त्याला कळलंय. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली, लई वाटली. आपले मेंढरावाले लोक. गावोगाव आपल्याला बी शिवाराच्या भायेर उतरवलं की लोकांनी, हिरीवर येऊ दिलं न्हाय. आन् मी तेच केलं. दुसऱ्या रविवारी आला तवा मी त्यो कप फोडून टाकला, धुतानी सुटला म्हणून. कुणाला सांगितलं न्हाय.

त्रिंबक : त्यानं बी मला कधी सांगितलं नाही.

मंजुळाबाई : त्यो न्हाय सांगणार. तसला न्हाय त्यो. पंगतीतनं चार पानं उठतीन तं उठू द्या, पाव्हणे. उरलेलं मी शेजारी वाटीन. भूक लागली की येतीन माघारी. बुंदी असती ना लग्नात.

अप्पाराव : तुम्हाला सोपं आहे म्हणायला.

मंजुळाबाई : सोपं न्हाय. दोन वर्षं लागली मला हे तोंडातनं काढायला.

त्रिंबक : आई, घंटी वाजली का सायकलची?

मंजुळाबाई : व्हय. त्योच असंल. रविवारचा येतोच वही घिऊन.

अप्पाराव : कोण? सांडू? आत्ता?

त्रिंबक : मामा, मी तुमच्यावर जबरदस्ती नाही करणार. मागचं दार उघडं आहे. गल्लीतनं सरळ रिक्षाथांब्यावर निघतं. तुम्ही गेलात तर मी त्याला काही बोलणार नाही. अन् लग्नाचं काय ते तुम्ही मग कळवा.

मंजुळाबाई : चपला मागं आणून देऊ का, पाव्हणे?

त्रिंबक : कडी वाजतीय, मामा.

अप्पाराव : ईहीनबाई, ह्या बाजेवर किती माणसं मावतात?

मंजुळाबाई : दोघं मावतेत की. आंग चोरून बसलं तं तिघं.

अप्पाराव : मग उघड दार. मी सरकून बसतो.